जाता जाता एकदा बघून घेतलं

सोमवार, ६ ऑक्टोबर

ही वही खरं तर बाबांच्या पावलांसाठी आणली. बाबा म्हणजे माझे सासरे. दोन महिन्यांपूर्वी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढायला गेले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. हाड जुळलं, टाके निघाले, आता वॉकर धरून चाला म्हणून डॉक्टर मागे लागलेत, पण बाबा पलंगावरून हलायला तयार नाहीत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओबाईंनी मला बजावलं, "रोज किती पावलं चालले ते लिहून ठेवा, मी तपासणार." म्हणून वही आणली. दोनशे पानं आणि रोज एक आकडा! कोरी जागा मला बघवत नाही, तेव्हा उरलेल्या पानावर मी माझं लिहिणार.

माझं म्हणजे कामाचं. आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर एक जुनं यंत्र आहे. ते गॅलियम धातूच्या आयनांचा झोत सोडतं, इतका बारीक की त्यानं कोरीवकाम करता येतं. सुईच्या टोकावर सही करून दाखव म्हटलंत तर दाखवीन, आणि वर तारीख घालीन. या झोतानं मी अतिवाहकाच्या पातळ थरात एक पूल कोरणार आहे. दोन्ही बाजूंनी कोरत यायचं आणि मध्ये शंभर नॅनोमीटर रुंदीची पट्टी शिल्लक ठेवायची. केसाच्या जाडीचे आठशे भाग केले तर त्यातला एक. हा पूल द्रव नायट्रोजननं थंड करत नेला की उणे एकशे पंच्याऐंशी अंशांच्या आसपास त्याचा विजेला होणारा रोध एकदम शून्य व्हायला हवा. थोडका नव्हे, शून्य. मग त्यापासून इतका हळवा मापक बनतो की छातीला हात न लावता हृदयाचा ठोका टिपता येईल.

३१ तारखेला तपासणी समिती येणार. तोवर एक चालणारा पूल दाखवला तर यंत्र आणि विभाग माझ्याकडे राहील. नाही तर यंत्र दुसरीकडे जाईल आणि मी परत वरच्या मजल्यावर, जिथे वीस वर्षं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लोकांचे नमुने बघून दिले. मोठ्या साहेबांनी हे गोड शब्दांत सांगितलं, मीही गोड हसले. पंचवीस दिवस आहेत आणि त्या थराच्या सात चिप आहेत. मला तीन पुरतील.

पावलं: शून्य.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सातही चिप फिल्मवाल्या (पातळ थराला आम्ही फिल्म म्हणतो) सरांच्या हातच्या, एकाच थरातून कापलेल्या. सर जूनमध्ये निवृत्त झाले आणि त्यांची थर चढवायची भट्टी लोकांनी सुटी करून नेली, तेव्हा आठवी चिप या जन्मी मिळायची नाही.

आज पहिली कोरली. साडेतीन तास मान वर केली नाही. शेवटी, माझ्या नेमाप्रमाणे, जाता जाता एकदा बघून घेतलं. अगदी जवळ जाऊन, संथ फोटो काढला. पूल असा देखणा की दृष्ट काढावी. झालेलं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय खोली सोडायची नाही, हे वीस वर्षं नव्यांना शिकवत आलेय. या यंत्रात बघायचा डोळा तोच आणि कोरायची छिन्नीही तीच, म्हणून काही जण बघायलाच घाबरतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! मी पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडला होता. एका फोटोत पडणारे आयन अगदीच किरकोळ.

घरी आले तर बाबांच्या खोलीतली खिडकी सताड उघडी. सकाळी मी स्वतः लावली होती. विचारलं तर म्हणाले, "वाऱ्यानं उघडली असेल." कडी बदलून घ्यायला हवी.

पावलं: शून्य. मी दोन्ही हात पसरून समोर उभी राहिले, "चला बाबा, एक..." म्हटलं. त्यांनी वॉकरकडे असं पाहिलं जणू नको असलेला पाहुणा आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

थंडोबानं पहिली चिप थंड केली. थंडोबा म्हणजे आमच्याकडचा थंडकामाचा तंत्रज्ञ. हे नाव मी ठेवलेलं नाही, मी येण्याआधीपासून सगळे त्याला तेच म्हणतात. आग लागली तरी हा माणूस आधी आपला कप विसळून पालथा घालेल. चिपला सोन्याच्या तारा जोडणं, तिला नायट्रोजनच्या टाकीत हळूहळू उतरवणं आणि रोध मोजणं, हे त्याचं काम.

पडद्यावरची रेषा खाली आली, आली, एकदम कोसळली, आणि तळापासून वीतभर वर थांबली ती थांबलीच.

"पुलापर्यंतचे रुंद रस्ते झाले शून्य," थंडोबा म्हणाला. "पूल अडवतोय, मॅडम."

"पूल उत्तम आहे. मी बघितलाय."

"बघितलात?"

"म्हणजे काय, न बघता देईन?"

तो तारा सोडवायला लागला. असो. पहिला घास नेहमी कुत्र्याला. घरी नको तिथे शून्य मिळतंय आणि इथे हवं तिथे मिळत नाही, एवढंच.

पावलं: शून्य.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुसरी चिप कोरली. या वेळी झोत आणखी बारीक ठेवला, घाई केली नाही. निघताना एकदा बघून घेतलं. पहिलीपेक्षाही सुबक.

बाबा पलंगावर टेकून, डोळ्याला भिंग लावून शेजारीणबाईंचं मनगटी घड्याळ दुरुस्त करत होते. पन्नास वर्षं घड्याळजी म्हणून काढलेला माणूस, हात अजून दगडासारखा स्थिर. त्यांची हत्यारांची पेटी बाहेरच्या खोलीत कपाटावर असते, ती पलंगाखाली दिसली. शेजारीणबाईंनी दिली असणार, दुपारी त्याच डोकावतात. त्यांच्याकडे किल्ली आहे.

बाबांनी झाकण बसवलं, घड्याळ कानाला लावलं आणि बाजूला ठेवलं. मी सहज म्हटलं, "एकदा उघडून खात्री करा की."

"चालतं घड्याळ उघडून बघायचं नसतं," ते म्हणाले. "ऐकायचं. उघडलं की काहीतरी आत जातंच. मी नवा होतो तेव्हा दिवसातून चारदा उघडायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्याकडून नेलं की बंदच पडतं."

त्यांचं बरोबर आहे, पण ती धुळीची गोष्ट. माझ्या यंत्रात निर्वात पोकळी आहे, धूळ शिरणार कुठून! तसं सांगितलं. ते म्हणाले, "हो, तू शिकलेली."

पावलं: शून्य.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दुसरीही गेली. तीच रेषा, तसाच वीतभर अधांतर. लगेच तिसरी कोरायला घेतली आणि संध्याकाळी पूर्ण केली. दुधानं तोंड पोळलंय म्हणून निघताना दोनदा बघून घेतलं, एकदा सरळ आणि एकदा चिप तिरकी करून. खोट काढायला जागा नाही.

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "तुझा पूल आणि माझे बाबा, दोघेही चालेनात." हा शाळेत गणित शिकवतो, विनोदही तसेच करतो. मी त्यालाच झापलं, कारण मधल्या बोळात फरशीवर काळे रबरी ओरखडे उठलेत. बूट घालून घरात येऊ नको म्हणून किती वेळा सांगायचं. म्हणतो, मी नाही. मग काय मी?

पावलं: शून्य.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काय दिवस! सकाळी कळलं, तिसरीही मेली. मी चौथी घेऊन बसले. दोन्ही बाजूंनी कोरत मध्ये सहाशे नॅनोमीटर उरले होते तेवढ्यात शेजारीणबाईंचा फोन आला, बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेत. मी झोत बंद केला, थंडोबाला "चिप काढून ठेवा" म्हणून ओरडले आणि पर्स तशीच टाकून पळाले.

बाबांना काही झालेलं नव्हतं. भिंतीला टेकून निवांत बसले होते, बाजूला वॉकर. पलंगापासून स्वयंपाकघर म्हणजे सारा बोळ आला.

"इथे आलात कसे?"

"सरकत."

"आणि वॉकर?"

"पुढे ढकलत आणला. बरा असतो सोबतीला."

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस बुडावर सरकत येतो, पण दोन पावलं टाकत नाही! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खूप बोलले. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ मी स्वतः समोर उभी राहून चालवणार, एक-एक पाऊल मोजून. बाबा खाली मान घालून ऐकत होते.

पावलं: शून्य. सरकणं धरलेलं नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

नवल! थंडोबानं ती अर्धवट चौथी चिप, आहे तर असू दे म्हणून, थंड केली आणि ती शून्यावर आली. रेषा तळाला अशी टेकली की उचलून घ्यावीशी वाटली. पण उपयोग काय? सहाशे रुंद पूल कोणीही करेल, मापक त्याचा होत नाही. त्यातून एवढंच समजायचं की रुंद पूल जगतात आणि अरुंद मरतात. म्हणजे थरच कच्चा.

फिल्मवाल्या सरांना फोन लावला. मान राखून, आडून-आडून विचारलं. ते ताडकन म्हणाले, "माझ्या थराला नावं ठेवू नकोस. पन्नासचा पूलही तोलेल तो. मी देतो तेव्हा जिवंत असतो, पुढे तुझ्या खोलीत काय होतं ते तू बघ."

"बघतेच तर आहे, सर. दर वेळी बघते."

सरांचं वय झालं. स्वतःच्या पोराचा दोष कोणाला दिसतो!

पावलं: शून्य. तीन दिवस दोन वेळा समोर उभी राहतेय. आज उठून उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, गुडघे थरथरले आणि खाली बसले. त्यांना भीती बसलीय.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

पाचवीही गेली, आणि आधी मेलेल्या तिघींपेक्षा वाईट. काल किती जपून केली होती! रुंदी शंभरऐवजी दोनशे ठेवली, आणि झाल्यावर प्रत्येक कोपऱ्यापर्यंत जाऊन एकदा सोडून चारदा बघून घेतलं. चारही फोटोंत निर्दोष.

तेव्हा आता दोष उरला एकाच जागी. तारा जोडताना थंडोबाच्या हातून चिपला झटका बसत असणार. विचारलं तर पुन्हा तेच थंड उत्तर, "तारा चांगल्या आहेत, मॅडम." नाचता येईना अंगण वाकडं! मी सरळ मोठ्या साहेबांना मेल केली, उरलेल्या दोन चिपसाठी थंडकामाला दुसरा माणूस द्या. लिहिताना थोडं जड गेलं, पण काम म्हणजे काम.

बाबांच्या वॉकरवर सकाळी मी पंचा वाळत घातला होता. आले तर पंचा खुर्चीवर, नीट घडी करून. शेजारीणबाई फार व्यवस्थित आहेत.

पावलं: शून्य.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सहावी कोरली, पुन्हा शंभरची. निघताना बघून घेतलं. साहेबांकडून उत्तर आलं नव्हतं, तेव्हा चिप थंडोबाकडेच द्यावी लागली. त्याला मेलचं कळलं होतं. त्यानं चिप घेतली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेला. एकूण एक तारेचा रोध, आधीचा आणि नंतरचा, सुवाच्य अक्षरात. एकाही तारेत दोष नाही. तळाला लिहिलं होतं: सहावीही शून्यावर आली नाही.

एक चिप उरली आणि सात दिवस. मी घाबरलेली नाही. पण मला समजत नाहीये, आणि समजत नसताना शांत राहायची मला सवय नाही.

पावलं: शून्य.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी फिजिओबाई आल्या. बाबांच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि म्हणाल्या, "ताकद चांगली आलीय हो!"

"रोज तेल लावते ना मी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा खिडकीबाहेर कावळा शोधत होते. "पावलांचा तक्ता करून ठेवा," म्हणाल्या, "शून्य तर शून्य," आणि हसू दाबत गेल्या. हसण्यासारखं काय होतं?

दुपारी तक्ता करायला ही वही घेऊन बसले. पहिल्या पानापासून वाचत, आकडे उतरवत. शून्य, शून्य, शून्य. आकडा पानाच्या तळाशी, त्यामुळे वरचं आपोआप वाचलं जात होतं. सात तारीख: एकदा बघून घेतलं. तेरा तारीख: एकदा बघून घेतलं. पंधरा तारीख: दोनदा. बावीस तारखेची चिप: चारदा. आणि सतरा तारखेला पर्स टाकून पळाले, तिथे बघून घेतलं नाही.

जी बघितली नाही तीच जगली. जी चारदा बघितली ती सगळ्यात वाईट मेली.

पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि पहिल्या आठवड्यातला तो हिशेब काढला, ज्याच्या जोरावर मी ब्रह्मराक्षसाला हसत होते. हिशेब बरोबर होता. फक्त तो सगळी चिप एका नजरेत मावेल अशा लांबच्या दृश्याचा होता. पूल बघायला मी शंभर पट जवळ जाते. आयन तेवढेच, पण जागा शतांश लांब आणि शतांश रुंद. म्हणजे मारा दहा हजार पट. बादलीभर पाणी अंगणात शिंपडलं तर सडा पडतो, तेच वाटीत ओतलं तर वाटी वाहून जाते. इलेक्ट्रॉनखाली वीस वर्षं हवं तेवढं जवळ जाऊन बघितलं, काही बिघडलं नाही, म्हणून हा प्रश्न मला पडलाच नाही. आयन आत रुततात, थरातल्या ऑक्सिजनची बसलेली घडी विस्कटते, आणि वरून पूल तसाच देखणा दिसतो. मी फोटो काढत होते आणि त्याच फोटोनं पूल मारत होते.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत हे सापडलं नसतं. तिथे आम्ही कोरल्याची वेळ लिहितो, प्रवाह लिहितो, खोली लिहितो. बघितल्याचं लिहीत नाही, कारण बघणं हे काम आहे असं कोणी धरतच नाही. ते फक्त इथे लिहिलं गेलं, सासऱ्यांच्या पावलांच्या वहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पाच चिप मी मारल्या. सरांच्या थराला नावं ठेवली. आणि त्या बिचाऱ्या थंडोबाची तक्रार केली! मला लाज वाटतेय. नुसती चुकीची नाही, मी उद्धट वागले त्याची जास्त.

बाबांना सांगितलं. म्हटलं, तुमचं घड्याळाचं खरं निघालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघणाऱ्याला वाटतं मी काहीच करत नाहीये. पण ज्याच्याकडे बघतो त्याला विचारावं."

मी म्हटलं, "चिपला काय विचारणार, बाबा!"

पावलं: शून्य.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळी पहिलं काम: साहेबांना मेल, गुरुवारची माझी तक्रार चुकीची होती, दोष माझा होता. दुसरं काम अवघड. थंडोबाच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मी चुकले. तुमचं काम चोख होतं. माफ करा."

त्यानं कप विसळला, पालथा घातला. "चिप एक उरलीय ना, मॅडम?"

"एक."

"मग तिचं बघू." लगेच जीभ चावली. "म्हणजे, तिचं बघायचं नाही."

दोघंही हसलो. वीस दिवसांत पहिल्यांदा.

सरांनाही फोन केला. ते म्हणाले, "मला माहीत होतं." त्यांना माहीत नव्हतं, पण आज त्यांना सगळं माफ.

ठरलं असं: चिपच्या चार कोपऱ्यांत खुणा कोरायच्या, पुलापासून लांब. नजर फक्त खुणांवर टेकवायची. तिथून मोजून सरकायचं आणि पुलाच्या जागी आंधळेपणानं कोरायचं. एकदाही न बघता. मेलेल्या चिपवर आज अकरा वेळा आणि उद्या दिवसभर सराव.

पावलं: शून्य. कामाच्या नादात समोर उभं राहायचं विसरले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सातवी कोरली. खुणांवर नजर लावली, आकडे टाकले, सरकले आणि झोत सुरू केला. पडदा काळा. दोन तास दहा मिनिटं मी एका काळ्या पडद्यासमोर बसले होते. डावी बाजू झाली असावी. उजवी झाली असावी. "असावी" हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा वापरला नव्हता.

आणि मग ती वेळ आली. काम संपलं, यंत्रानं घंटी वाजवली, आणि माझा हात आपोआप माउसकडे गेला. एकच झलक. सरकताना खूण जरा हलली असेल तर? पूल मधूनच कापला गेला असेल तर? एकदा बघितलं तर निदान कळेल तरी. बोट बटणावर होतं. वीस वर्षांची सवय बोटात असते, डोक्यात नसते. बाबांचं वाक्य आठवलं, ऐकायचं, उघडायचं नाही. मी हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या हातानं तो दाबून धरला आणि थंडोबाला हाक मारली, "या हो, झोत तुम्हीच बंद करा, माझा भरवसा नाही."

त्यानं येऊन बंद केला. चिप डबीत घालून घेऊन गेला.

पावलं: बाबा झोपले होते, विचारलं नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

शून्य!

शून्य, शून्य, शून्य. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी रेषा कोसळली आणि थेट तळाला जाऊन आडवी झाली. थंडोबानं तारा उलट-सुलट जोडून तीनदा मोजलं, आणि चुंबक जवळ नेताच रेषा शहारली. चालणारा पूल, जिवंत, हळवा. मी टाळ्या वाजवल्या. थंडोबा म्हणाला, "चांगलंय," आणि कप विसळायला गेला, पण तो कप त्यानं आज दोनदा विसळला.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

समितीत तिघे होते. आलेख दाखवला, तिन्ही मोजण्या दाखवल्या. मधल्या ज्येष्ठ बाईंनी चष्मा वर केला. "पुलाचं छायाचित्र?"

"नाही."

"काढायचं राहिलं?"

"काढलं नाही. हा पूल मी पाहिलेला नाही. कोणीच पाहिलेला नाही, म्हणून तर तो चालतोय." मग पाच मेलेल्या चिपचे देखणे फोटो एकेक करून ठेवले, आणि त्यांचे आलेख. माझी चूक मीच सांगितली, दहा हजार पटीसकट. मागून थंडोबा, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? रेषा शून्यावर आहे."

ज्येष्ठ बाई हसल्या. शेजारच्यांना म्हणाल्या, "चूक अशी लिहून आणणारे कमी असतात." चहा झाल्यावर मोठे साहेब माझ्यापाशी आले. यंत्र इथेच राहील, विभाग तुमच्याकडेच. या वेळी ते गोड बोलले नाहीत, साधं बोलले, म्हणून खरं वाटलं.

तीन वाजताच घरी निघाले. जिने चढून दारापाशी आले, किल्ली कुलपात घालणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

टक. सर्र. टक. सर्र.

आणि मग बाबांचा आवाज, दबका, रागावलेला: "वळ रे गाढवा. बोळ दिसत नाही का?"

टक. सर्र. आवाज स्वयंपाकघराच्या दिशेनं गेला. नळ सुटला, बंद झाला. पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज. मग थोडी शांतता, बहुतेक खिडकीशी उभे असावेत. मला एकदम सगळं दिसलं. खिडकी, हत्यारांची पेटी, पंचाची घडी, फरशीवरचे ओरखडे. पोटऱ्या! माझं तेल म्हणे. कितीतरी दिवस हा माणूस रोज दुपारी घरभर हिंडतोय, आणि मी संध्याकाळी हात पसरून समोर उभी राहते तेव्हा त्याचे गुडघे थरथरतात.

दार उघडावंसं वाटलं. फक्त एकदा. किती सरळ चालतात, पाय किती उचलतात. किल्ली कुलपाला टेकलेली होती.

मी ती काढून घेतली आणि जिन्याच्या पायरीवर बसले, फाइल मांडीवर घेऊन. आत टक, सर्र परत निघालं होतं, बोळातून, हळूहळू, मध्ये एकदा थांबून. रडू येत होतं आणि हसूही. पलंग करकरला. मी आणखी थोडी थांबले. मग उठून चार पायऱ्या खाली गेले, किल्ल्या खुळखुळवत, चपला आपटत वर आले आणि बाहेरूनच ओरडले, "बाबा, मी आले हो!"

बाबा पलंगावर होते, पांघरूण छातीपर्यंत. कपाळावर घाम.

"काय झालं तुझ्या पुलाचं?"

"चालला."

"बघितलास?"

"नाही."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटले आणि म्हणाले, "मी काही चाललो नाही हो आज."

"मी कुठे विचारलं?" म्हटलं, आणि आत जाऊन ओट्यावरचा ओला पेला जागेवर ठेवला.

पावलं: मोजली नाहीत.